'ग्राँ त्राव्हो' आणि मागची पानं

"म्याडम, आपलं नाय जमायचं. त्यांना बिल्डिंगवाला पायजे," भास्करभाऊ फाइल मिटत म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. अर्ज पाचच्या आत मेल करायचा होता.

मी इंदिरानगरला घरूनच फ्रेंच-इंग्रजी भाषांतरं करते. भाऊ निफाडकडचे कॉन्ट्रॅक्टर. तीस वर्षं कालवे आणि पूल बांधले. इमारत म्हणाल तर स्वतःचं घर तेवढं. एका फ्रेंच कंपनीला इथे पार्टनर हवा होता. अट एकच: 'ग्राँ त्राव्हो'चा अनुभव. मोबाइलमधल्या ॲपने त्याचं इंग्रजी करून दिलं, 'लार्ज बिल्डिंग प्रोजेक्ट्स'. तेवढं वाचून भाऊंनी हाय खाल्ली होती.

"शब्दशः अर्थ मोठी कामं," मी म्हणाले. "पण कोणती, ते कंपनी ठरवते. मागची पानं कुठायत?"

"ऑफिसात. तुम्हाला एवढंच वाक्य करायचं, म्हणून एकच पान आणलं."

माझा पारा चढला. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. डॉक्टरकडे नुसतं दुखरं बोट पाठवावं, तशी लोकं एक पान पाठवतात.

"फोन लावा. सगळी पानं स्कॅन करून मागवा."

"म्याडम, ती नुसती लिस्ट हे."

"मला लिस्टच हवीय!"

पानं यायला तीन वाजले. मी स्क्रीनवर भराभर खाली जात होते. सतराव्या पानावर ॲनेक्स, म्हणजे कंपनीच्या कागदांना जोडलेली पुरवणी. त्यात 'ग्राँ त्राव्हो'मध्ये काय काय धरायचं याची यादी. पहिली ओळ वाचली आणि मी ओरडलेच.

"भाऊ, कालवे! पहिल्याच ओळीत कालवे! खाली पूल! इमारती पार पाचव्या नंबरला!"

भाऊ खुर्चीतून उठले. "खरं सांगता?" दोन वेळा विचारलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

मी लिहिलं, 'मेजर कन्स्ट्रक्शन वर्क्स', आणि लगेच पुढे सतराव्या पानाचा हवाला. भाऊंच्या सगळ्या कालव्यांची नावं खाली जोडली. पाचला वीस मिनिटं असताना मेल गेला.

महिन्याभराने काम भाऊंना मिळालं. मी तेव्हापासून सुटं वाक्य घेतच नाही. आधी सगळे कागद, मग चहा.

कराराच्या भाषांतरासाठी भाऊ आले ते खोकं घेऊनच.

"म्याडम, कोरी पानं बी आणली. काय भरवसा!"