सावली साडेतीन ओढण्या

"परतूरला कारंजी न्हाईत बेटा," पप्पा दुकानाच्या गादीवरूनच म्हणाले, "तिथं जाऊन काय काढणार?"

टोमणा बरोबर बसला. जालन्यात आमचं कापडाचं दुकान. मी बी.कॉम. झालेली, आणि मला शिकायचं होतं लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे बागा, चौक, नदीकाठ अशा मोकळ्या जागांची रचना. शेजारच्या काकू याला माळीकाम म्हणतात. बाहेरच्या राज्यातलं एक कॉलेज डिझाइन न शिकलेल्यांनाही घेतं, फक्त पोर्टफोलिओ मागतं: आपली चित्रं, नकाशे, निरीक्षणं. चित्रकलेत मी शाळेत दोन डोंगरांमधल्या सूर्याच्या पुढे कधी गेले नव्हते. तरी वर्षभर दुकान सांभाळून, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत सात पानं केली. जिथं नळाला पाणी आलं की गल्लीभर हाकाटी होते, तिथल्या पोरीच्या सात पानांत पाच कारंजी. पप्पांनी चष्मा लावून सगळी पाहिली आणि एवढंच विचारलं, "माणसं कुठायत? कर्फ्यू लागलाय का?"

मला राग आला. मग रडूही आलं, कारण म्हणणं खोटं नव्हतं. शेवटचं आठवं पान उरलं होतं: ओळखीची एक जागा आणि तिथं वावरणारी माणसं. दोन दिवसांत सगळं पाठवायचं होतं, नाहीतर वर्ष गेलं. लहानपणी मावशीकडे परतूरला जायचे तेव्हा मोंढ्याच्या (धान्य-कापसाच्या बाजारपेठेच्या) वाटेवर एका कडुलिंबाखाली निम्मं गाव टेकलेलं दिसायचं. तिकडंच निघाले.

पॅसेंजरमध्ये माझी काळी चौकोनी फाइल मांडीवर मावेना. समोरच्या फेटेवाल्या बाबांनी ती बराच वेळ न्याहाळली. "कॅरम खेळाया चालली का?"

"नाही बाबा, चित्र काढायला."

"मंग बरं. परतूरच्या पोरांपुढं टिकली नसती तू."

रांजणी मागे पडलं. खिडकीबाहेर काळी रानं, बांधांवर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग. अशा मोकळ्या जमिनीचं चित्र आपण का नाही काढलं, असं वाटलं, पण तोवर परतूर आलं.

लिंब होता तिथंच होता. नेमका कुठला ते सांगणार नाही. परतुरात लिंब काय थोडेत? त्याखाली मुक्ताबाईंची चहाची छपरी, चार बांबू आणि निळी ताडपत्री. (मुक्ताबाई हे नावही खरं नाही.) शेजारी रशीदचाचांचं पंक्चरचं सामान, दोन बाकडी, त्यांवर विसावलेले हमाल. अगदी हवं ते. मी खुशीत नवा लांबलचक टेप काढला, टोक बुंध्याला अडकवलं आणि रस्त्याच्या कडेपर्यंत उलगडत गेले.

वळून बघते तर बाकडी नाहीत. हमाल नाहीत. रशीदचाचा हवा भरायचा पंप घेऊन पलीकडे निघालेले, आणि मुक्ताबाई ताडपत्रीच्या गाठी सोडतायत.

"मॅडम, आम्हीच काढून राह्यलो. स्टोव्ह तेवढा उचलू नका."

"अहो मावशी, मी चित्र काढायला आलेय."

"मागच्या साली बी असाच टेप घेऊन आल्ते. अगुदर टेप, मंग अतिक्रमणवाल्यांचा जेसीबी."

मी कितीही शपथा घेतल्या तरी त्यांचे हात थांबेनात. शेवटी उरलं काय, तर एक झाड आणि एक कुत्रं. पुन्हा कर्फ्यू, आणि या वेळी तो मी स्वतः लावला होता. फार लाज वाटली.

काही सुचेना म्हणून फाइल उघडली आणि सातही पानं त्यांच्यापुढे मांडली. रशीदचाचा परत आले, वाकून एकेक पान बघत राहिले. "ये सब किधर है?"

"कुठंच नाही चाचा."

"बराबर. इत्ता पानी लाते किधर से?"

मुक्ताबाईंना हसू फुटलं. "न्हाई वं, ही सरकारी न्हाई. सरकारी माणूस इतकं पाणी दाखवायची हिंमत करणार न्हाई. पण तो टेप पिशवीत घाल बाई, लोक बिचकतेत."

टेप गेला पिशवीत. आता मोजायचं कशानं? गळ्यात ओढणी होती, आमच्याच दुकानातली, अडीच मीटर; ताग्यावरून मीच कापलेली. एक टोक मुक्ताबाईंनी धरलं, दुसरं मी. ओढणीला कोण भितंय? दुपारची सावली आडवी भरली साडेतीन ओढण्या. तोवर ताडपत्री परत चढली, माणसं आली, आणि मिरचीच्या भज्यांनी माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. ऊन कललं तशी बाकडी सावलीमागे सरकू लागली. कुणी कुणाला सांगत नव्हतं. एकजण उठला की बाकीचे उठायचे आणि बाकडं उचलायचे. मी एकाच पानावर ती तीन ठिकाणी काढली.

मुक्ताबाई डोकावल्या. "माझी छपरी ठळक रेघंनं काढली? तुटक काढ."

"का?"

"ठळक म्हंजे पक्की. पक्की म्हटलं की कागद मागतेत. तुटक म्हंजे आज हाय, उद्या न्हाई."

मी खोडरबर घेतला. झाड ठळक ठेवलं, छपरी तुटक केली. निघताना त्या म्हणाल्या, "शिकून आली की मंग ठळक काढ."

जालन्याला परतल्यावर पप्पांनी पान दुकानात गल्ल्यापुढे पसरलं, चष्मा पुसला. बाकड्यांवरची माणसं बोटानं मोजली. मग म्हणाले, "कर्फ्यू उठला म्हणायचा." माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माप कशानं घेतलं?"

ओढणी दाखवली. त्यांनी ती गजाला (कापड मोजायच्या लोखंडी पट्टीला) लावली, तर अडीच मीटरला कमी भरली, आणि ते खो-खो हसले. "हा माल धुतला की वीतभर आटतो. गिऱ्हाइकाला सांगतो मी. घरच्याला सांगायचं राहिलं."

सगळं पान नव्या मापानं काढायला वेळ नव्हता. रात्री पानाच्या कोपऱ्यात प्रमाणाच्या जागी लिहिलं: एक ओढणी, धुतलेली. आणि पाठवून दिलं.

मुलाखतीत कॉलेजवाल्यांनी सर्वांत जास्त त्याच पानाबद्दल विचारलं. जागा मिळाली. बॅग भरताना पप्पांनी नवी ओढणी पुढे केली. "वीतभर जास्त कापलीय, आता आटू दे." डोळे त्यांचेही भरले होते, माझेही. नवी घेतली, पण जुनीही तिच्याखाली ठेवली. मुक्ताबाईंची छपरी ठळक काढायची राहिलीय, आणि तिथलं माप जुन्या ओढणीचं आहे.