उकिडव्या बसलेल्या बाईचे गुडघे

पोलादपुरात महाबळेश्वरचा फाटा फुटतो, तिथून थोडं आत आमची वाडी. नवरा महाडच्या एमआयडीसीत कामाला आणि मी घरी, कॉम्प्युटरवर. गेम आणि जाहिरातींसाठी जी खोटी माणसं बनवतात, त्यांचे सांधे मी नीट करते. ही माणसं सरळ उभी असली की छान दिसतात, पण गुडघा वाकवला की तिथलं मांस दुमडलेल्या रबरी पाइपासारखं चेपतं. मग त्या एका स्थितीपुरता आकार कॉम्प्युटरच्या पेननं हळूहळू घडवायचा, म्हणजे वाकलेला गुडघा हाडामांसाचा वाटतो.

सासूबाईंना हे सांगायचं राहूनच गेलं होतं. एकदा त्या चहा घेऊन आल्या, तेव्हा स्क्रीनवर एक उघडाबंब पुरुष पाय मुडपून पडला होता आणि मी त्याची मांडी घासत होते.

"ह्यो कोन गो?"

"कुणी नाही, आई. खोटा माणूस आहे."

"खोटा हाय, तर कापडं का नाय घातलीस?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यानंतर माझ्या खोलीचं दार लोटलेलं त्यांना चालेना. जेवताना नवऱ्यानंही विचारलं, "तुझं काम नक्की काय असतं गं?" चार वर्षांत पहिल्यांदा.

त्याच सुमारास एका म्हाताऱ्या बाईचं काम आलं. तिला उकिडवं बसवायचं होतं. काम देणाऱ्या कंपनीनं नमुन्याला पाठवलेल्या फोटोंत सगळे परदेशी, चवड्यांवर तोल सांभाळत बसलेले. आपल्याकडे टाचा टेकतात, पोटऱ्या मांड्यांत रुततात. सासूबाई अंगणात तशाच बसून भाजीसाठी फणस चिरत होत्या.

"आई, तुमच्या गुडघ्यांचे फोटो काढू?"

विळी थांबली. "कशाला? कोन बगनार?"

"फक्त मी. गुडघेच तर आहेत, बघून आकार करीन."

"तोंड नको. नि लुगडं भाताच्या लावनीला खोचतो तेवडंच वर. त्याच्यावर नाय."

मी दोन्ही अटी पाळल्या. आकार चांगला जमला. पाठवला, तर कंपनीतून मला काम देणाऱ्या मुंबईच्या माणसाचा फोन आला. "गुडघा एकदम खरा वाटतोय. कुणाचा आहे? मूळ फोटो पाठव ना."

"कशाला?"

"रेकॉर्डला. आणि त्या बाई एकदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहतील का? चेहऱ्यासकट. अर्ध्या तासाचं काम."

मी नाही म्हटलं. "अगं, गुडघेच तर आहेत," असं म्हणून तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. मी फोटो मागितले, तेव्हा मीही असंच बोलले होते.

सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "पूस ते. माज्यासमोर." मी एकेक फोटो पुसला.

"ग्येले म्हंजे कुटं ग्येले?"

फोन आपण होऊन इंटरनेटवर कुठंतरी प्रत ठेवतो, हे तेव्हा आठवलं. शोधलं, तर तिथंही ते होतेच. तेही पुसले. "आता नाहीत," मी म्हटलं. माझ्याकडे एकदा बघून त्या उठल्या.

पावसाळा सरता सरता कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर ती म्हातारी विकायला आली. नऊवारी खोचलेली, टाचा टेकवून उकिडवी. गुडघे मी घडवलेले होते. चेहरा मात्र माझ्याकडे होता तो नव्हता. मला दिलेल्या मूर्तीचं तोंड कोरं, गुळगुळीत होतं. हिला डाव्या गालावर तीळ होता नि कपाळावर गोंदण.

सासूबाईंना बोलावून दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"ही खोटी नाय," त्या म्हणाल्या. "हिला कुनीतरी इचारलं असंल का?"

मी त्या माणसाला मेसेज केला: हा चेहरा कुणाचा? त्यानं वाचला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नेहमीसारखं नवं काम आलं, एका तरुण मुलाचा खांदा. मी ते घेतलं. नमुन्यासाठी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून माझाच हात वर केला, आणि फोटो न काढता, नुसतं बघून आकार करायला बसले.