काचेवरचे ठसे

स्टाफरूममधल्या माझ्या टेबलाच्या काचेवर चार बोटांचे घामेजलेले ठसे आहेत. आत्ताच, मधल्या सुट्टीत, नववीतली एक मुलगी तिथे हात टेकून उभी होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी.

“बाई, थोडं बोलायचं होतं.”

“थांब गं जरा, एवढं भरून होऊ दे,” मी मान वर न करताच म्हणाले.

मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचा तक्ता आजच वर पाठवायचा होता. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न, मुलाशी संवाद साधला का? हो, हो, हो. हात भरून आला. मान वर केली, तर ती निघून गेलेली.

दमलेल्या माणसाला समोर आलेलं लेकरूही एक कामच वाटतं.

ठसे आता कडेने वाळत चाललेत. तिच्या नावापुढेही मी ‘हो’च लिहिलंय.