ओपांचं सहा सिलिंडरचं इंजिन

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आम्ही भाड्याच्या घरात राहायला गेलो, तेव्हा शेजारी एक म्हातारे डच गृहस्थ एकटेच राहत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब उत्तरेकडे. माझी लेक शाळेतून शिकून आली आणि त्यांना ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणायला लागली. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. ओपांच्या मागच्या शेडमध्ये पन्नासच्या दशकातला एक अमेरिकन पिकअप ट्रक होता. फिकट हिरवा, फुगीर नाकाचा, आणि आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून बंद. पहिल्याच भेटीत त्यांनी बॉनेट उघडून इंजिनावर थाप मारली आणि म्हणाले, “सहा सिलिंडर. मूळचं.” माझा नवरा कॉम्प्युटरच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतला. त्या लोखंडाकडे बघून तो उगीच “वा” म्हणाला.

असे ट्रक हौसेने पाळणारी माणसं तिथे पुष्कळ होती. पण त्यांच्या बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड असायचं. सहावालं हळू पळतं, आवाज करत नाही, म्हणून ते उपटून भंगारात द्यायचे. ओपांचा यावर फार राग होता. त्या काळी सहाचंच इंजिन सर्रास असायचं, आणि सर्रास होतं म्हणूनच कुणी जपलं नाही, असं ते म्हणत. बायको होती तेव्हा त्यांनी ते दुरुस्तीसाठी खोललं. ती आजारी पडली, आणि ते तसंच उघडं पडून राहिलं.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. त्या ऑगस्टमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबांचं सगळं आयुष्य पुण्यात भवानी पेठेतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजात गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांना कुठेच करमत नसे, इथे तर मुळीच नाही. सायकलच्या रस्त्यावरून चालायचे आणि मागून घंटा वाजली की दचकायचे. आठवडाभरात मला त्यांची काळजी आणि कटकट, दोन्ही वाटायला लागली.

मग एके दिवशी ते दिसेनात. शोधत गेले तर ओपांच्या शेडमध्ये. या देशात सख्ख्या भावाकडे जायचं तरी आधी वेळ ठरवतात, आणि आमचे बाबा मागचं फाटक ढकलून आत गेलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण दोघांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ओपांनी खडूने फरशीवर आकडे लिहिले होते, आणि बाबा त्यांवर बोट ठेवून मराठीत म्हणत होते, “एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.” कुठल्या सिलिंडरनंतर कुठला पेटतो, त्याचा तो क्रम. दोघांनाही तोंडपाठ होता. त्याखेरीज दोघांना कळेल अशी एकही भाषा त्यांच्यात नव्हती.

“अगं, हेच इंजिन,” बाबा मला म्हणाले. “दुसऱ्या महायुद्धानंतरचे सगळे अमेरिकन ट्रक ह्यावर चालायचे. पेट्रोल परवडेना, म्हणून मग आम्ही ते काढून डिझेलचं बसवलं. किती काढली असतील माझ्या हातांनी. एकही शिल्लक नाही आता.”

तेव्हापासून बाबा रोज न्याहारी करून शेडमध्ये जायचे. अकरा वाजता ओपा कॉफी द्यायचे, बरोबर एकच बिस्किट. बाबांना दुसरं हवं असायचं, ते बिस्किटाच्या डब्याकडे बघत राहायचे, आणि डबा बंद व्हायचा. आईने चिवडा पाठवायला सुरुवात केली तेव्हा तो प्रश्न सुटला. दोघांनी झडपा बसवल्या, कार्बोरेटर धुतला, वायरी बदलल्या. मला दुभाष्या म्हणून क्वचितच बोलवायचे. मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा. माझ्याबरोबर बाबा इतके कधी रमले नव्हते.

ऑक्टोबरात इंजिन जोडून झालं. ओपांनी नवी बॅटरी लावली, टाकीत थोडंसं पेट्रोल घातलं, आणि दुपारी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. बाबांनी हळदकुंकू आणि शेवंतीची पिवळी फुलं नेली, कारण झेंडू कुठे मिळाला नाही. पाने, स्क्रू ड्रायव्हर पुसून फडक्यावर मांडले, इंजिनाला कुंकू लावलं. उदबत्ती काढली तेव्हा ओपांनी घाईघाईने पेट्रोलचा कॅन बाहेर नेला. आम्ही सगळे हसलो.

मग ओपांनी किल्ली काढून बाबांपुढे धरली.

बाबांनी हात मागे घेतला. “आज नाही. आज हत्यारांना आणि यंत्रांना विश्रांती. सांग त्यांना. आयुष्यात कधी मी आजच्या दिवशी इंजिन चालू केलं नाही. उद्या दसरा आहे, उद्या लावू.”

मी सांगितलं. ओपांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग फुलांकडे.

“यंत्रांनाही सुट्टी असते तर,” ते म्हणाले. “चांगलं आहे. मग उद्या दहा वाजता.” त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी मी क्वार्कचं, म्हणजे तिथल्या चक्क्याचं, श्रीखंड घोटत होते. समोरच्या बाईंनी येऊन सांगितलं की ओपा पहाटे गेले. छातीत दुखायला लागल्यावर त्यांनी स्वतःच फोन केला होता, पण अँब्युलन्स आली तेव्हा संपलं होतं.

बाबा जेवले नाहीत. दिवसभर खिडकीशी बसून होते. संध्याकाळी मी जवळ गेले, तुम्हाला काय माहीत होतं, असं काहीतरी म्हणाले.

“त्याच्या हातात किल्ली होती गं,” ते म्हणाले. “एवढी वर्षं थांबला होता तो. आणि माझेही हात शिवशिवत होते. मलाही ऐकायचंच होतं.” मग ते रडले. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

ओपांची मुलगी आली, अंत्यसंस्कार झाले, घर रिकामं करायचं ठरलं. ट्रकला गिऱ्हाईक लगेच मिळालं. त्याला आठ सिलिंडरचं इंजिन बसवायचं होतं, जुनं भंगारात जाणार होतं. ते तुमच्याकडे ठेवता का, असं तिने आम्हाला विचारलं. भाड्याच्या घरात आम्ही ते कुठे ठेवणार होतो? मग ती बाबांना म्हणाली, “एकदा चालू करून दाखवाल? मी लहान होते तेव्हा ऐकलं होतं.”

बाबांनी किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं खाकरलं, दुसऱ्यांदा लागलं. इतका संथ, एकसारखा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. मुलगी दाराला धरून उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

नोव्हेंबरात आई-बाबा पुण्याला परतले. पुढच्या वर्षी दसऱ्याला मी फोन केला, तेव्हा आई आधी दबक्या आवाजात बोलली. “काल ह्यांनी हत्यारांची पेटी काढली. मला वाटलं पूजेला मांडतायत. तर सरळ पाना घेऊन खाली गेले. मी काही बोलले नाही, तूही विचारू नकोस.”

पण बाबांनी फोन घेतल्यावर आपणहूनच सांगितलं. “खालच्या आजोबांचा पाण्याचा पंप बंद पडला होता. ते म्हणाले, आज खंडेनवमी आहे, उद्या बघा. म्हटलं, नाही. आत्ताच करतो.”