डबल सरांचा वसंता

आमचे सर प्रत्येक नाव दोनदा घ्यायचे. "रेखा," म्हणायचे, मी "हजर" म्हणायचे, तरी मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि पुन्हा विचारायचे, "रेखा?" दुसऱ्यांदा हजर म्हटल्याशिवाय पुढचं नाव नाही. अर्धा तास हजेरीतच जायचा, आणि ज्यांनी गणित केलेलं नसे ते देवाचे आभार मानायचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या छोट्या मराठी शाळेत त्यामुळे त्यांचं नाव पडलं डबल सर. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

हा हट्ट शाळेपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण कुणाचं वऱ्हाड नागपूरकडे गेलं की परतीच्या वेळी सर बसच्या दारात उभे. नवरदेवाचंसुद्धा नाव दोनदा. वऱ्हाडी कुरकुरायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून "गुरुजी, अब तो चलने दो," म्हणून विनवायचा. सर म्हणायचे, "आवाज ऐकला रे बाबा, माणूस पाहू दे." आम्ही पोरं पोट धरून हसायचो. माझी आई हसायची नाही. एकदा मेथी निवडता निवडता तिनं मला कारण सांगितलं.

ती आमच्या आधीच्या काळातली गोष्ट. सर तेव्हा तरुण होते, नुकतेच लागलेले. सातवीच्या वर्गाला ते अहिवाऱ्याकडची चुनखडीची खाण दाखवायला घेऊन गेले. नकाशातली खाण पोरांना कळत नाही, ती डोळ्यांनी बघावी लागते, असं त्यांचं म्हणणं. परत निघताना त्यांनी बसमध्ये हजेरी घेतली. वसंताचं नाव आलं तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी "हजर" म्हटलं. दोस्ताला उशीर झाला तर त्याची हजेरी आपण लावायची, ही पोरांची रीतच होती, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. बस सुटली. सेक्टर १० मध्ये पोरं उतरली तेव्हा वसंताची आई नाक्यावर उभी होती, आणि शेवटचं पोरगं उतरून गेल्यावरही ती उभीच राहिली. वसंता दुसऱ्या दिवशी एका जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीत सापडला.

"हजर" कोण बोललं, हे सरांनी कधीच विचारलं नाही. बस थांबली असती तर वसंता वाचला असता का, तेही कुणाला ठाऊक नाही. सरांनी मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता.

त्या वर्षापासून ते लिहायला लागले. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी त्यांची एक कथा असायची. सेक्टरातली माणसं, त्यांची भांडणं, पाळीवरून घरी येणारे बाप, सायकलीवरून पडणारी पोरं. आणि प्रत्येक कथेत कुठेतरी वसंता. कधी तो नुसता दारावरून शीळ घालत जायचा. पण दर दिवाळीला तो एका वर्षानं मोठा झालेला असायचा.

छापायला देण्याआधी सर ती कथा वसंताच्या आईला वाचून दाखवायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी तोंडावर दार लावून घेतलं होतं म्हणे. सर पायरीवर बसले आणि बंद दारासमोर वाचत राहिले. कथेत वसंता आठवीत गेला होता, बापानं त्याला नवे बूट घेतले होते. तेवढ्यात दार उघडलं. काकू म्हणाल्या, "बूट घासतात जी त्याले. चप्पल लिवा." सरांनी तिथंच बसून चप्पल लिहिली.

मग ते चालूच राहिलं. वसंता आयटीआय झाला, प्लांटमध्ये लागला, त्यानं स्कूटर घेतली. सरांनी त्याच्यासाठी एक मुलगी बघितली, ती काकूंना पसंत पडली नाही. "लय तोंडाळ हाय, माह्या वसंताले नाही पटणार," म्हणाल्या, आणि सरांना अख्खी कथा नव्यानं लिहावी लागली. एका वर्षी रायपूरच्या एका गृहस्थांनी मंडळाच्या कार्यक्रमात सरांना बाजूला घेऊन चौकशी केली, हा वसंता कुठल्या खात्यात असतो, मुलगा चांगला दिसतो. सर त्या दिवशी न जेवता घरी गेले.

निवृत्तीनंतर त्यांना लिहिण्याशिवाय काही उद्योग उरला नाही. पुढे दृष्टी अधू झाली, तेव्हा लिहून घ्यायला मी जाऊ लागले. माझ्या घरी नवरा-मुलं सगळी हिंदीत बोलतात, मराठी कानावर पडावी एवढाच माझा स्वार्थ. शुद्धलेखन घालावं तसं सर प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचे. मी वैतागून म्हणायचे, "सर, ऐकलं मी." ते म्हणायचे, "मीबी ऐकलंच होतं, पोरी."

मग ती दिवाळी जवळ आली. मी सरांना स्कूटीवर बसवून सेक्टर १० मध्ये, काकूंच्या लेकीच्या क्वार्टरवर नेलं, तर काकूंनीच विषय काढला. "सर, औंदा वसंता साठीचा होते ना? मंग क्वार्टर सोडा लागन त्याले. कुठं जाईन तो?"

हे बाहेरच्या माणसाला हसू येण्यासारखं वाटेल. पण इथं साठी झाली की प्लांट सुटतो आणि त्याच्यासोबत क्वार्टरही. अंगणात लावलेला पेरू मागे ठेवून किल्ली परत करायची असते. प्रत्येक घरानं हे दुखणं काढलेलं आहे. सरांनी वसंताला दुर्गला घर बांधून दिलं. काकूंना पटलं नाही. नागपूरला पाठवलं, तर काकू म्हणाल्या, "तिथं त्याचं कोण हाय?"

एका सकाळी सरांनी मला सांगितलं, "वसंतानं क्वार्टरला कुलूप लावलं." पुन्हा एकदा म्हटलं, मी लिहिलं.

"पुढे, सर?"

"पुढचं दिसत नाही गं मले. एवढा मोठा केला त्याले, आता उतरवू कुठं? इथंच सोडला तर पुन्हा मागं राहीन तो."

त्यांच्या डोळ्यांत ती नाक्यावर रिकामी झालेली बस होती. मला त्यांची भीती वाटली, आणि फार माया आली. त्याच आठवड्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मंडळाच्या शोकसभेत अध्यक्षांनी त्यांचं नाव घेतलं आणि पुढे बोलत सुटले. मी दुसऱ्यांदा नाव येईल म्हणून वाट बघत बसले.

नंतर मी काकूंकडे गेले. त्या आता अंथरुणावरच असतात. बातमी त्यांना लेकीनं सांगितलेली होती. रडल्या नाहीत. माझ्या हातातल्या पानाकडे बघून म्हणाल्या, "कुलपापाशीच राहिला का माहा वसंता?"

"हो, काकू."

"मंग लिव." त्यांनी डोळे मिटले. "बाहेर बस उभी हाय. दारात सर हायेत, वसंताचं नाव घेऊन राहिले. अन् या खेपेले हजर वसंताच म्हणते."

माझं अर्धंच वाक्य उतरलं होतं. काकू थांबल्या, आणि सरांसारख्याच सावकाश पुन्हा म्हणाल्या, "या खेपेले हजर वसंताच म्हणते."