चिटणीस गावाला जातात तो दिवस

माझे यजमान आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबचे चिटणीस होते. दिवसभर कचेरीत कारकुनी करायचे, पण जीव सगळा क्लबात. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका क्लबाने एकदा जबलपूरहून चार खेळाडू आणले होते, महिन्याच्या महिन्याला पगार देऊ म्हणून. दिवाळीला ते चौघे थकलेला पगार मागत अध्यक्षांच्या ओट्यावर येऊन बसले, आणि पुढच्या वर्षी तो क्लबच राहिला नाही. तेव्हापासून यजमानांनी ठरवलं, बाहेरचा कोणी आणायचा नाही, आपला कोणी जाऊ द्यायचा नाही आणि पगार कोणालाच द्यायचा नाही. सरावानंतर पेलाभर दूध आणि दोन उकडलेली अंडी, एवढंच.

सासूबाई अंडी स्वयंपाकघरात येऊ देत नसत. मी ती मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर उकडत असे. खेळाडू हसायचे. "वहिनी, एखाद्यातून कोंबडीच निघाली तर?" मी ताट ठेवून आत पळायची. उत्तर मला कधी वेळेवर सुचत नसे.

त्यांच्यातला एक डावीकडून खेळायचा. मूळचा सावनेरकडचा, आमच्या भागात राहून मिलमध्ये बदलीवर लागलेला. कोणी कायमचा कामगार आला नाही तरच याला त्या दिवशी काम, नाहीतर फाटकावरून परत. एका वर्षी एका सरकारी कारखान्याने त्याला आपल्या संघात बोलावलं. खेळ त्यांच्याकडून आणि नोकरी कायम. फक्त आमच्या क्लबाची सोडल्याची चिठ्ठी हवी होती, तीही ठरलेल्या तारखेच्या आत. ती तारीख टळली की वर्षभर कोणाला क्लब बदलता येत नसे.

यजमान त्याला नाही म्हणाले नाहीत. तोंडावर नाही म्हणायची तेव्हा पद्धतच नव्हती. शेवटच्या दिवशी सगळ्याच क्लबांचे चिटणीस गावाला जात. म्हणजे घरातच असत, पण भेटत नसत.

त्या दुपारी जेवताना ते म्हणाले, "तो आला तर सांग, मौद्याले गेले म्हणून."

"काहून पण? त्याचं भलं होऊन राहिलं तर..."

"याले सोडलं तर उद्या अर्धी टीम जाईल. मंग कोणाले घेऊन खेळू? तुले?"

मी भात वाढला.

तीनच्या सुमाराला तो आला. ऊन फार होतं, तो पायी आला होता. मी दाराची एक फळी उघडली.

"वहिनी, साहेब हायेत का?"

"नाहीत. मौद्याला गेले."

"कवा येतीन?"

"उद्या."

त्याने खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. मी चौथी शिकलेली. छापलेलं लावून लावून वाचते. हिंदीत होतं, त्यात 'स्थायी' हा शब्द मला कळला.

"पाच वाजता ऑफिस बंद होते, वहिनी. शिक्का घरातच असन ना? पाहता का जरा?"

शिक्का माझ्या मागच्या कपाटात होता. मी नाही म्हणून मान हलवली. यजमानांची सायकल अंगणात भिंतीला टेकून उभी होती. त्याने तिकडे पाहिलं की नाही ते मला कळलं नाही, कारण मी खाली पाहत होते. "बरं, येतो," म्हणून तो गेला. आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

त्या वर्षी तो आमच्याचकडून खेळला. पुढच्या वर्षी यजमानांनी आपणहून चिठ्ठी लिहून दिली. तोवर कारखान्यातली ती जागा भरली गेली होती. तो मिलच्या फाटकावर जात राहिला. मी एकदा त्याच्या ताटात तिसरं अंडं ठेवलं, तर त्याने ते उचलून परत दिलं. "सगळ्याइले दोन, मले बी दोनच द्या."

मग त्याचं लग्न झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची बायको आली. बोलकी होती. कुंकू लावून घेताना हळूच म्हणाली, "वहिनी, एक इचारू? रागावू नका. टीमचे पोरं याइले लई चिडवतात. म्हणतात, साहेब तवा घरातच होते, सायकल उभी होती. हे भांडतात त्याइच्यासंग. म्हणतात, वहिनी कोणाशी शब्द बोलत नाही, त्या काय खोटं बोलतीन?"

ती हसत माझ्याकडे पाहत राहिली. मागे बायका खोळंबल्या होत्या, पण त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. यजमान कचेरीत होते. त्या दुपारी दारावर काय म्हणायचं ते मला सांगून ठेवलं होतं, तसं हळदीकुंकवाच्या दिवशी कोणी काही सांगितलं नव्हतं.

मी म्हणाले, "मौद्यालाच गेले होते."

"मी बी तेच म्हणते त्याइले," ती म्हणाली. मी तिच्या हातात वाण दिलं. ती माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.