एका नाटकाची चार नावं आणि एक हॅशटॅग

दिवाळी आटोपली की पूर्व विदर्भातल्या वडशाच्या मुख्य रस्त्यावर नाटक कंपन्यांचे फ्लेक्स उभे राहतात. एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर नटनट्यांचे फोटो, झालं कार्यालय. आजूबाजूच्या गावांतले मंडळाचे लोक येतात, चहा पितात आणि आपल्या मंडईच्या जत्रेला नाहीतर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, कुठलं नाटक न्यायचं ते ठरवून जातात. या झाडीपट्टीतल्या कलाकारांचा हिवाळा या खुर्च्यांवर ठरतो.

यातलं एक कार्यालय सत्यशीलाचं. कंपनीचं नाव ‘गुणशीला नाट्य रंगभूमी’. गुण नवऱ्याचा, शीला तिची. नवरा गुणवंतराव नाटककार. ती नटी. गळा चांगला, उंची कमी; त्यामुळे पंधरा वर्षं नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या भूमिका केल्या आणि एक दिवस थेट सासू झाली. मधली नायिका राहूनच गेली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.ए.ची दोन वर्षं केली होती, तिसऱ्या वर्षी नाटकाच्या गाडीत बसली. त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. वय आता चोपन्न.

चार वर्षांपूर्वी गुणवंतरावांना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, उजवा हात गेला. तेव्हापासून नवीन नाटक नाही. कंपनीकडे चालणारं नाटक एकच उरलं, ‘धुऱ्यावरचा दगड’. दोन भाऊ, त्यांच्या शेतांमधला एक धुरा, म्हणजे बांध, आणि मधे एक सून. नाटक खरोखर चांगलं. पण एका गावाने पाहिलेलं नाटक आसपासच्या गावाला चालत नाही; आम्ही का त्यांचं उष्टं खायचं, असं मंडळाची माणसं तोंडावर विचारतात. म्हणून सत्यशीलाने त्याची नावं बदलली. वैनगंगेच्या अल्याड ‘सून निघाली कोर्टात’, पल्याड ‘भावाने मोडला संसार’, गडचिरोलीकडे ‘रगत मागते धुरा’. नायकाचं नाव बदलायचं, सुनेची साडी बदलायची, गाणी पुढेमागे करायची. कुठल्या गावाला कुठलं नाव गेलं हे ती एका वहीत लिहून ठेवी, आणि वही कोणाला दाखवत नसे. हे बरोबर नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण दुसरं काय विकायचं?

तरी मागचा हंगाम बसला. अकरा प्रयोग. बारावा पावसाने खाल्ला. कंपनीची नायिका रंजीता स्पष्ट बोलली, “बाई, कार्तिक संपेवर थांबतो मी. मंग दुसऱ्यांचा फोन घेतो. राग नका धरू जी.” राग धरण्यासारखं नव्हतंच काही. नायिका गेली की तबलेवाला जातो, तबलेवाला गेला की कार्यालयाला कुलूप. यंदा कंपनी उभी राहील की बंद होईल, एवढाच प्रश्न होता.

त्यातच ब्रह्मपुरीला बचतगटाच्या बायांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, विषय सोशल मीडिया. सत्यशीला बचतगटात नव्हती, पण जाऊन बसली. नागपूरहून आलेल्या एका पोरसवदा बाईने फळ्यावर तीस हॅशटॅग लिहून दिले आणि सांगितलं, हे प्रत्येक पोस्टखाली टाका, रीच वाढते. व्हायरल, ट्रेंडिंग, लव्ह, रील, तसलेच सगळे. पापडवाल्या बायांनी वहीत उतरवून घेतले. सत्यशीलानेही घेतले.

घरी येऊन तिने रंजीताच्या गाण्याचा तुकडा टाकला, खाली तीसच्या तीस चिकटवले. दोन दिवसांत चार हजार लोकांनी पाहिला. गुणवंतराव खाटेवरून म्हणाले, “चार हजार! बापा!”

“त्यातले दोन हजार कुठले लोक हायेत ते नावंबी वाचता येऊन नाई राह्यले मले,” ती म्हणाली. “आन एक जण म्हणते, साडी केवढ्याची. तो येणार हाय का आपला पट घेऊन?”

तिला चीड आली ती स्वतःची. कधी काळी इकॉनॉमिक्स शिकलेली बाई, आणि दुसऱ्याचा फळा उतरवून आणते! मग तिने डोकं चालवलं. हॅशटॅग म्हणजे काय, तर शब्दाला लावलेली खुंटी. त्या शब्दावर बोट दाबलं की ज्यांनी ज्यांनी तो वापरला त्यांचं सगळं एका खुंटीला टांगलेलं दिसतं. व्हायरल या खुंटीवर सगळं जग टांगलेलं. त्यात वडशाची साडी कोण शोधणार? आपल्याला जग नको. आपल्याला चाळीस गावं हवीत, आणि त्या गावांत मंडळाच्या माणसाचं डोकं खाणाऱ्या त्यांच्या बायका, बहिणी आणि पुण्याला कंपनीत गेलेली पोरं हवीत.

तिने तीसचे तीस काढले, आपले सात लावले. ज्या गावाचा प्रयोग त्या गावाचं नाव, मराठीतही आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण पोरं इंग्रजी अक्षरांतच लिहितात. मग आठवडी बाजाराचं गाव. मग मंडई नाहीतर पट, जे असेल ते. झाडीपट्टी. नाटकाचं नाव. आणि शेवटी, न चुकता, #गुणशीला. कंपनीची आपली स्वतःची खुंटी. मागच्या तीन वर्षांचे तुकडे फोनमध्ये पडलेच होते. तेही तिने त्या त्या गावाच्या नावाने चढवले. संध्याकाळच्या वेळी टाकायचे, स्वयंपाक आटोपून बाया फोन घेऊन बसतात तेव्हा.

बघणारे चार हजारांवरून सहाशेवर आले. पण त्या सहाशेंत माणसं ओळखीची होती. “आमच्या माहेरचा पट!” असं कोणी सुरतेहून लिहिलं. कोणी पुण्याहून मावसभावाला जोडलं. एका गावच्या पोरीने सासरच्या मंडळाच्या अध्यक्षालाच तो तुकडा पाठवून खाली लिहिलं, मामाजी, हे आना. पंधरा दिवसांत चार गावं येऊन खुर्चीत बसली आणि विसार देऊन गेली. बाजूच्या कार्यालयातला मालक डोकावून म्हणाला, “बाई, जादूटोना केला का वं?”

“हाव. सात लिंबं लावले,” सत्यशीला म्हणाली.

मग मोहटोल्याचा प्रणित आला.

मोहटोल्याचा शंकरपट या पट्ट्यातला मोठा. जे नाटक तिथे लागतं ते पुढच्या महिन्यात दहा-बारा गावांत लागतं, हे वडशातला चहावालाही सांगेल. तीन वर्षं मोहटोला दुसऱ्या कंपनीकडे जात होता. मंडळाचा अध्यक्ष प्रणित पस्तिशीतला, धानाची शेती, अंगात जॅकेट, बोलायला गोड आणि सोडायला कठीण. सोबत मंडळाचे दोघे.

“बाई, तुमचं ते गाणं आमच्या घरी रोज वाजून राह्यलं,” तो बसता बसता म्हणाला. “मंडळी म्हणते, यंदा हेच. नाटकाचं नाव काय?”

“‘सून निघाली कोर्टात’.”

“नवं हाय न?”

“तुमच्या इकडे नवंच हाय,” सत्यशीला म्हणाली. तिला वाटलं, हे खोटं नाही. वहीत मोहटोला कोराच होता.

प्रणित चहा पीत फोन बघत होता. गाणं सोबतच्यांना दाखवायला काढलं आणि दाखवता दाखवता अंगठा खालच्या #गुणशीलावर पडला. तीन वर्षांचं सगळं एका पानावर उलगडलं. एका चौकोनात ‘सून निघाली कोर्टात’, बाजूच्यात ‘भावाने मोडला संसार’, खाली ‘रगत मागते धुरा’. तिन्हीत तोच दगड. तीच विहीर. विहिरीला पाय लावून रंजीता उभी, एकदा हिरव्या साडीत, एकदा लाल, एकदा पिवळ्या. प्रणितने एक दाबला, मग दुसरा. दोन्हींतून रंजीता एकाच सुरात ओरडली, “दगड हालला तर मी हालन, भावजी!”

प्रणितने दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

“हे सावरटोल्याचं हाय,” प्रणित म्हणाला. “मागच्या सालचं. माझा साळा दिसून राह्यला याच्यात, हा बघा, मफलरवाला.”

सावरटोला नदीपलीकडे. मोहटोल्याचे बैल आणि सावरटोल्याचे बैल यांच्यावरून दोन गावांत किती वर्षांचं वैर आहे, ते विचारू नये. सत्यशीलाने मधे नदी ठेवून नावं वाटली होती. नदी ओलांडायला लोकांना डोंगा लागतो, पूल लागतो. खुंटीला काही लागत नाही. आणि ही खुंटी तर तिने स्वतःच ठोकली होती.

ती म्हणू शकली असती की ते वेगळं आहे, देखावा तेवढा सारखा. कंपनीवाले असं म्हणतात, आणि मंडळवाले कधी कधी मानतातही. ती म्हणाली, “तेच हाय. नाव बदललं मी. नाटक एकच हाय, ‘धुऱ्यावरचा दगड’.”

“मंग आमाले नवं काऊन सांगता?”

“विकाचं होतं म्हणून.”

सोबतच्यांपैकी एक जण हसला. प्रणित हसला नाही. “बाई, नाटक वाईट नाई म्हणत मी. पण सावरटोल्याचं उष्टं मोहटोल्याच्या पटावर? गावात तोंड दाखवता येईन का मले? माझा साळाच फोन करून हासन.”

“मंग नवं घ्या.”

“हाय कुठी नवं?”

“हाय,” सत्यशीला म्हणाली. तोंडातून निघालं ते निघालं. “पट माघात हाय तुमचा. दोन महिने हायेत. नवं नाटक, पयला प्रयोग मोहटोल्याले. त्याच्या आधी कुठीच नाई.”

“नाव सांगा.”

“बसा. चहा घ्या दुसरा.”

घर कार्यालयाच्या मागेच, मधे एक बोळ. गुणवंतराव उन्हात खाट टाकून बसले होते. तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

“नवीन नाटकाचं नाव सांगा.”

“कोन्त्या नाटकाचं?”

“तुमी जे लिवणार त्याचं.”

गुणवंतरावांनी उजव्या हाताकडे पाहिलं. ही त्यांची सवय झाली होती; काहीही मागितलं की आधी हाताकडे पाहायचं.

“हात मले हाय,” ती म्हणाली. “तुमी बोला, मी लिवतो. चार वर्षं झाली, आडवे पडून डोक्यात काई केलंच असंन न? का नुसती कौलं मोजली?”

त्यांनी खरंच मान वर करून कौलांकडे पाहिलं. तिकडे गिऱ्हाईक बसलेलं आणि इकडे हे कौलं पाहतात. तिला ओरडावंसं वाटलं. मग ते सावकाश म्हणाले, “एक सासू हाय. थे तहसीलमदी अर्ज करते. का मले सुनेपासून वेगळं राशन कार्ड द्या.”

“मंग?”

“मंग तहसीलदार घरी येते चौकशीले. दोघीत कोन खोटं बोलते ते पाहाले. आन दोघी एक होऊन त्यालेच…”

“नाव?”

“‘सासूबाईचा अर्ज’.”

“सासू मीच करन,” सत्यशीला म्हणाली आणि बोळातून परत गेली.

प्रणितने नाव ऐकलं. तोंड वाकडं केलं नाही, सरळही ठेवलं नाही. फोन काढून त्याने ते नाव जोडून, पुढे खुंटी लावून लिहिलं आणि दाबलं. पांढरं पान. मग इंग्रजी अक्षरांत लिहून दाबलं. तेही पांढरं. त्याने फोन सोबतच्या दोघांना दाखवला. आतापर्यंत सत्यशीलाची सगळी खटपट खुंटीवर काहीतरी टांगण्यासाठी होती. या वेळी खुंटी रिकामी निघाली, तेच प्रमाणपत्र झालं.

“काईच नाई इथी,” प्रणित म्हणाला. “सावरटोल्याच्या बापानंबी पाह्यलं नसंन.”

“नाईच पाह्यलं.”

“एक काम करा बाई. हे नाव आजच टाका, आमच्या गावाच्या नावासंगं. मोहटोला, मंग नाटक. सावरटोल्याच्या लोकाले दिसलं पाह्यजे.” तो उठला. “आन पटाच्या आधी दुसऱ्या गावचं त्याच्याखाली दिसलं, तं मंडप काढून ठेवन मी. आधीच सांगून ठेवतो.”

तारीख लिहिली गेली. विसाराचा कागद झाला. ते गेल्यावर सत्यशीलाने आधी रंजीताला फोन लावला, “दुसऱ्यांचा फोन नको घेऊ. मोहटोला आपला हाय.”

“कोन्तं नाटक बाई? दगडच न?”

“नाई. नवं. तुले सून, मले सासू.”

“संवाद?”

“येतील.”

झाडीपट्टीत प्रॉम्प्टर असतो. पडद्याआडून तो वाक्य सांगतो, नट ते उचलतो; महिना-महिना तालमी करायची इथे चैन नाही. त्यामुळे नाटक दहा दिवस आधी हातात आलं तरी उभं राहतं. हे सगळं खरं. पण त्या दहा दिवसांआधी ते कागदावर यावं लागतं.

तिने पोस्ट टाकली. फोटो नव्हता, म्हणून कार्यालयाच्या दाराचाच काढला. #मोहटोला, #सासूबाईचाअर्ज, आणखी चार. #गुणशीला लिहायला बोट गेलं आणि थांबलं. त्या खुंटीवर अजून तिन्ही साड्या टांगलेल्या होत्या. उद्या बाकीच्या चार गावांपैकी कोणी ती दाबेल, आणि आज झालं तेच पुन्हा होईल. जुने तुकडे उडवले तर माहेरवाशिणीही जातील, पुण्याची पोरंही जातील. तिने ते उडवले नाहीत. एकेक उघडून वरचं नाव खोडलं आणि सगळ्यांवर ‘धुऱ्यावरचा दगड’ लिहिलं, लेखक गुणवंतराव यांच्यासह. मग त्या चार गावांना आपणहून फोन केले. दोघांनी विसार परत मागितला. एक म्हणाला, “आमाले माहीतच होतं जी, आमी दोनदा पाह्यलं.” चौथ्याने विचार करून सांगतो म्हटलं, आणि अजून सांगितलेलं नाही.

मग #गुणशीला लिहून तिने पोस्ट सोडली, बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि खाटेजवळ पाट ओढून बसली.

“हं, बोला. अंक पयला.”

“पडदा उघडते,” गुणवंतराव म्हणाले. “अंगणात सासू बसली हाय.”

“काय करून राह्यली?”

ते विचारात पडले. ती पेन उचलून थांबली. मग तिलाच राहवलं नाही.

“तांदूळ निवडून राह्यली,” ती म्हणाली, आणि लिहिलंही.

“नाई,” गुणवंतराव म्हणाले. चार वर्षांत ते एवढ्या जोरात काही बोलले नव्हते. “खोड थे. तांदूळ सून निवडते. सासू चष्मा शोधून राह्यली. अर्ज वाचाचा हाय तिले.”

तिने खोडलं.